पावती कशाची?

बनारसच्या नगरपालिकेने सायकलरिक्षांवर परवाना फी बसवली होती. रिक्षाच्या मालकाने एक फी भरायची, चालवणाऱ्याने दुसरी. ही फी नेमकी कशाबद्दल, हा प्रश्न घेऊन माणसे कोर्टात गेली आणि खटला चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. पालिकेने आपल्या खर्चाचा तक्ता मांडला. परवान्यांच्या कामाचा खर्च त्यात होताच, पण त्याच्या जोडीला गल्ल्यांची फरसबंदी आणि रस्त्यांवरचे दिवे यांचाही खर्च होता. युक्तिवाद असा की, रिक्षा याच गल्ल्यांतून आणि याच दिव्यांच्या उजेडात चालतात, तेव्हा ही रिक्षावाल्यांची सेवाच झाली. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद नाकारला. दिवे लावणे आणि रस्ते नीट ठेवणे हे पालिकेचे कायद्याने ठरवून दिलेले काम आहे, ते साऱ्या गावासाठी आहे, त्याचा खर्च रिक्षावाल्यांच्या नावावर टाकता येणार नाही. ती रक्कम वजा केल्यावर उरलेला खर्च जमा झालेल्या फीच्या निम्माही भरत नव्हता. फी रद्द झाली.

मी हा खटला पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यातल्या कायद्यापेक्षा त्या तक्त्याने मला धरून ठेवले. ज्या माणसाला पालिकेच्या खिडकीपुढे ताटकळत उभे राहावे लागते, त्याच्या प्रश्नापायी पालिकेला आपली वही उघडावी लागली, रकाने समजावून सांगावे लागले आणि त्यातले दोन रकाने खोडले गेले. या पुस्तकाचा विषय हाच आहे. सरकार, पालिका, प्राधिकरण किंवा महामंडळ दंड, फी, शुल्क, टोल, अधिभार अशा नावांनी पैसे घेते, तेव्हा ते कोणत्या अधिकाराने घेतले आणि कशावर खर्च केले, हे विचारायला कोर्टाची पायरी चढलेल्या माणसांच्या या हकिगती आहेत. काही जिंकले, बरेचसे हरले. हरलेल्यांनीही कायद्यात काहीतरी मागे ठेवले आहे आणि म्हणून त्यांनाही या पानांत जागा आहे.

मुळापासून सुरुवात करायची तर राज्यघटनेचे कलम २६५ पाहावे लागेल. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही, इतकेच ते सांगते. ‘बसवणे’ आणि ‘वसूल करणे’ या दोन्ही गोष्टींचा वेगळा उल्लेख त्यात आहे. म्हणजे कर बसवण्याचा कायदा पक्का असला, तरी वसुलीची पद्धत बेकायदा असू शकते. फीला कराची ही चौकट जशीच्या तशी लागू नसली, तरी कायद्याने दिलेला अधिकार तिथेही लागतोच. अहमदाबादच्या नगरविकास प्राधिकरणाने बांधकामाची परवानगी देताना विकास शुल्क घेतले. ते घेण्याचा स्पष्ट अधिकार कायद्यात नव्हता. शहराचा विकास करायचा म्हणजे पैसा लागणारच आणि तो उभा करण्याचा अधिकार त्यातच गृहीत आहे, असे प्राधिकरणाचे म्हणणे होते. असा अधिकार गृहीत धरता येत नाही, कायद्याने तो शब्दांत दिलेला असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये सांगितले. आपल्याकडे कुठल्याही कार्यालयात ‘वरून परिपत्रक आलंय’ एवढ्यावर पैसे घेतले जातात. परिपत्रकाच्या मागे कायद्याचे कलम आहे का, हे विचारायची सवय आपल्याला लागलेली नाही. हा निकाल त्या सवयीसाठी पुरेसा आधार आहे.

कर आणि फी यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने प्रथम नीट मांडला तो १९५४ मध्ये, उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात. मद्रास सरकारने १९५१ च्या कायद्याने धार्मिक संस्थांकडून उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत वर्गणी घ्यायचे ठरवले होते. ती वर्गणी सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जात होती. न्यायालयाचे म्हणणे असे की, जो पैसा सर्वसाधारण तिजोरीत मिसळतो आणि ज्याचा देणाऱ्याला मिळणाऱ्या सेवेशी धागा जुळत नाही, तो करच आहे. मग त्याला नाव काहीही द्या. आणि असा कर बसवण्याचा अधिकार त्या विधिमंडळाला नव्हता. त्याच वर्षी मुंबई राज्याचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा न्यायालयापुढे आला. आपल्याकडचे धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय ज्या कायद्याखाली चालते, तोच हा १९५० चा कायदा. आव्हान देणाऱ्यांत एका जैन देवळाचे व्यवस्थापक होते आणि पारशी पंचायतीचे विश्वस्तही होते. इथली वर्गणी मात्र न्यायालयाने मान्य केली, कारण ती स्वतंत्र निधीत जमा होत होती आणि विश्वस्त संस्थांच्या देखरेखीसाठीच खर्च करायची होती. एकाच वर्षातले, जवळजवळ एकाच प्रश्नावरचे हे दोन निकाल. एकात सरकार हरले, दुसऱ्यात टिकले, आणि दोहोंच्या मधली रेघ पडली ती पैसा कुठल्या खात्यात जातो यावरून. मुंबईची वर्गणी पुढे १९७५ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आली. तेव्हाचा प्रश्न होता निधीत वर्षानुवर्षे साचत गेलेल्या शिलकेचा. स्वतंत्र खाते उघडले म्हणजे काम झाले असे होत नाही. खात्यात खर्चापेक्षा जमाच वाढत राहिली तर दर कमी का होत नाही, हे विचारायला जागा राहते.

बाजार समित्यांच्या फीवरचा खटला ग्रामीण वाचकाला अधिक जवळचा वाटेल. पंजाबमध्ये शेतमालाच्या खरेदी-विक्रीवर शंभर रुपयांमागे दोन रुपये असलेली बाजार फी तीन रुपये करण्यात आली. व्यापारी कोर्टात गेले आणि समित्यांच्या वह्या बाहेर आल्या. वाढीव पैशांतला काही भाग फरीदकोटच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देणगी म्हणून जाणार होता. महाविद्यालय हे चांगलेच काम आहे, त्यावर कुणाचे दुमत नाही. पण बाजाराच्या आवारातल्या सोयींसाठी घेतलेली फी त्याला देता येईल का? १९७९ मध्ये घटनापीठाने ‘नाही’ असे उत्तर दिले, दोनाचे तीन करणारी वाढ रद्द केली आणि एक मोजमापही दिले: फीचा मोठा भाग, साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश, ज्यांच्याकडून ती घेतली त्यांच्या सेवेवर खर्च झालेला दाखवता आला पाहिजे.

हे मोजमाप फार काळ तितके कडक राहिले नाही. १९८३ मध्ये आंध्र प्रदेशातल्या बाजार फीच्या प्रकरणात न्यायालयाने दोर सैल केला. फी आणि सेवा यांची रुपया-आण्यात जुळणी लागत नाही, ढोबळ संबंध असला तरी चालेल, असा सूर पुढच्या निकालांत येत गेला. मुंबईच्या शेअर दलालांनी ‘सेबी’च्या उलाढालीवर आधारलेल्या नोंदणी फीला आव्हान दिले, ते २००१ मध्ये हरले, कारण नियमन करणाऱ्या संस्थेला फीच्या बदल्यात प्रत्येक दलालाला वेगळी सेवा दाखवावी लागत नाही. त्याही आधी कलकत्त्याच्या लिबर्टी सिनेमाची वर्षाची परवाना फी चारशे रुपयांवरून सहा हजारांवर गेली होती. मालकाने ती सेवेच्या मानाने अवाजवी ठरवून मागितली. बहुमताने निकाल त्याच्या विरुद्ध गेला. न्यायमूर्तींनी म्हटले, कायद्यात परवाना फी असा शब्द असला तरी हा कर आहे आणि तो बसवण्याचा अधिकार महापालिकेला आहे. शिरूर मठाला ज्या युक्तिवादाने वाचवले, त्याच युक्तिवादाने लिबर्टी सिनेमाला बुडवले. मला हा निकाल पटत नाही. कायद्याने एखाद्या वसुलीला फी म्हटले असेल, तर नागरिकाने तिला फी समजूनच प्रश्न विचारले पाहिजेत. उत्तर देताना सरकारला ऐनवेळी नाव बदलायची मुभा मिळाली, तर नागरिकाने कशाशी लढायचे?

टोलच्या बाबतीत मात्र गेल्या काही वर्षांत न्यायालयांनी हिशेब पुन्हा घट्ट धरलेला दिसतो. दिल्ली आणि नोएडा यांना जोडणारा डीएनडी मार्ग २००१ मध्ये सुरू झाला. तो बांधणाऱ्या कंपनीशी १९९७ मध्ये करार झाला, तोही खुली निविदा न मागवता. करारातले गणित असे होते: कंपनीला एकूण प्रकल्पखर्चावर दरसाल वीस टक्के परतावा मिळेल, आणि एखाद्या वर्षी तो पूर्ण मिळाला नाही, तर राहिलेली रक्कम प्रकल्पखर्चातच मिळवली जाईल. हे वाक्य सावकाश वाचले की त्याचा अर्थ उलगडतो. टोल कितीही जमा झाला तरी वसूल व्हायची रक्कम दर वर्षी फुगत जाणार, म्हणजे फिटण्याचा दिवस उगवणारच नाही. मुळात चारेकशे कोटींचा प्रकल्प कागदावर हजारो कोटींचा झाला. गावाकडच्या सावकाराच्या वहीत मुद्दल जसे व्याज पिऊन वाढते, तसा हा खर्च वाढत होता. फरक एवढाच की, या वहीवर सरकारी प्राधिकरणाची सही होती. नोएडातल्या रहिवासी संघटनांच्या महासंघाने जनहित याचिका केली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी टोल बंद केला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २० डिसेंबर २०२४ रोजी तिथेही हरली. लोकांवर फी बसवण्याचा अधिकार असा खासगी कंपनीच्या हाती सोपवता येत नव्हता आणि करारातले खर्चाचे सूत्र लोकहिताविरुद्ध होते, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. रोज त्या रस्त्याने कामाला जाणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन करारनामा मागवला, तो वाचला आणि त्यातले ते एक कलम कोर्टापुढे ठेवले. याहून मोठे नागरिकशास्त्र मला माहीत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्रिशूर जिल्ह्यातल्या पालियेक्कारा नाक्यावरचा टोल चार आठवड्यांसाठी थांबवला. रस्त्याचे काम रखडलेले, वाहतूक तुंबलेली. मग पैसे कशाचे? महामार्ग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, पण तिथे आदेश कायम राहिला. आपल्याकडे टोलचा प्रश्न निघाला की कोल्हापूर आठवते. तिथला शहरांतर्गत रस्त्यांचा टोल मुख्यतः रस्त्यावरच्या लढ्याने गेला. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे त्या लढ्यात पुढे होती आणि २०१५ च्या अखेरीस सरकारने टोल बंद करण्याची घोषणा केली. या पुस्तकात कोर्टाचे लढे आहेत म्हणून मोर्चाचे मोल कमी होत नाही. मोर्चात हजारो माणसे लागतात, याचिकेला एक पुरतो, आणि त्या एकाने मिळवलेला निकाल दुसऱ्या गावातला अनोळखी माणूसही वापरू शकतो. म्हणूनच अशा निकालांची गोष्ट लोकांपर्यंत मराठीतून पोचायला हवी.

फीची एक जात अशी आहे की तिचा हेतू पैसा जमवण्यापेक्षा दार लोटून घेण्याचा असतो. किंवा हेतू नसला तरी परिणाम तोच होतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला साधारण दहा रुपये लागतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या नियमांत मात्र ही फी पाचशे रुपये होती. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्जाची फी पन्नास रुपयांच्या वर नको आणि प्रतीची पानामागे पाच रुपयांच्या वर नको, अशी मर्यादा घातली. माहिती मागण्याचा हक्क कायद्याने दिला असेल, तर फीच्या वाटेने तो काढून घेता येत नाही.

याच तत्त्वाचा सर्वांत भरीव निकाल मला ब्रिटनमधला वाटतो. तिथे २०१३ मध्ये रोजगार न्यायाधिकरणाकडे दाद मागणाऱ्या कामगारांवर फी बसवण्यात आली. अन्यायाने कामावरून काढल्याच्या किंवा भेदभावाच्या तक्रारीला ती सुनावणीपर्यंत बाराशे पौंडांपर्यंत जाई. पगार बुडाला म्हणून दाद मागायला आलेल्याकडे आधी पगाराएवढे पैसे मागण्यासारखे हे होते. तक्रारींची संख्या जवळपास दोन-तृतीयांशाने खाली आली. ‘युनिसन’ या कामगार संघटनेने या फीला आव्हान दिले. खालच्या कोर्टांत ती हरत गेली, पण २६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी एकमताने फी बेकायदा ठरवली. न्यायमूर्ती रीड यांच्या निकालपत्रात कोर्टाची गरज फक्त दावा लावणाऱ्याला असते हा समज खोडून काढला आहे. एका कामगाराने मिळवलेल्या निकालामुळे बाकीचे मालक कायदा पाळतात. त्यामुळे न्यायाधिकरणाचा फायदा तिथे कधीही न गेलेल्या माणसालाही होतो. या युक्तिवादात १२१५ च्या मॅग्ना कार्टाची आठवणही निघाली, ज्यात न्याय कुणाला विकणार नाही आणि नाकारणार नाही असे वचन राजाकडून घेतलेले आहे. त्याच सनदेत दंडाविषयीही एक कलम आहे: दंड गुन्ह्याच्या मानाने असावा, पण तो भरताना व्यापाऱ्याचा माल आणि कुळाची शेतीची अवजारे हातची जाता कामा नयेत. आठशे वर्षांपूर्वी सरंजामदारांनी राजाकडून लिहून घेतलेले हे कलम आजच्या टपरीवाल्याची हातगाडी उचलून नेणाऱ्या पालिकेलाही वाचून दाखवण्यासारखे आहे.

आता वाचकाच्या रोजच्या अनुभवातल्या दंडाकडे यायला हवे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातले दंड कित्येक पट वाढले. पट्टा न लावण्याचे शंभराचे हजार झाले, विनापरवाना गाडी चालवण्याचे पाचशेचे पाच हजार. रस्त्यावर मरणाऱ्यांची संख्या पाहता कडक दंडाला माझा विरोध नाही. पण रस्त्यावर ‘पावती फाडली’ असे आपण म्हणतो, तेव्हा कायद्याच्या नजरेने काय घडते हे फार थोड्यांना ठाऊक असते. गुन्ह्याबद्दल दंड ठोठावण्याचा अधिकार न्यायालयाचा. पोलीस कलम २०० खाली घेतात ते तडजोड शुल्क: तुम्ही ठरलेली रक्कम भरायची आणि सरकारने खटला चालवायचा नाही. तडजोड दोन्ही बाजूंच्या मर्जीने होते. तुम्ही नाही म्हणालात तर प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे जाते आणि तिथे गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर येते. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, कॅमेरे असलेल्या रस्त्यावर सूचनाफलक हवेत, गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत जावी आणि चलान निकाली निघेपर्यंत फोटो, चित्रफीत जपून ठेवावी, अशा अटी त्यात घातल्या होत्या. या अटी नागरिकाच्या बाजूने बोलतात, पण त्या कुणी उच्चारल्याशिवाय बोलत नाहीत.

माझ्या ओळखीच्या एका टेम्पोचालकाच्या मोबाइलवर चलान आले. त्याने फोटो उघडून मला दाखवला. फोटोतल्या टेम्पोवर निळी ताडपत्री होती. याच्या टेम्पोला ताडपत्रीच नाही, मागे लोखंडी जाळी आहे. पाटीवरचा ३ यंत्राने ८ वाचला होता. बघताक्षणी कळावी अशी चूक. तक्रार नोंदवायची ऑनलाइन सोय आहे, मी ती करून देतो म्हटले, तर तो म्हणाला, “साहेब, एकदा बोलावलं तरी दिवस मोडतो. दिवसाचं भाडं बाराशे. पाचशे भरून टाकलेत मी कालच.” त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. चुकीची होती ती व्यवस्था, जिच्यात खरे सिद्ध करण्याचा खर्च खोटे कबूल करण्याच्या खर्चाहून जास्त आहे. पुढे लोकअदालतीत जुनी चलाने सवलतीत मिटतात, तेव्हा थकवणाऱ्याचे निम्मे वाचतात आणि ज्याने घाबरून चुकीचे चलान मुकाट भरले त्याचे पूर्ण जातात.

या विषयात मला सगळ्यांत जास्त काही खुपत असेल तर हेच. आपल्या न्यायालयांनी तत्त्वे चांगली दिली आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाट लांब आणि महाग आहे. महापालिकेच्या घरपट्टीविरुद्ध अपील करायचे तर आधी वादातली रक्कम भरावी लागते. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, म्हणजे आजचा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, त्यातले कलम ४०६ हेच सांगते आणि ही अट सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या गिरण्यांच्या खटल्यात १९७५ मध्ये वैध ठरवली आहे. अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तेव्हा त्याला अट घालणेही कायद्याच्या हाती, असा तो विचार. गिरणीला हे परवडते. चाळीतल्या दोन खोल्यांची आकारणी दुप्पट झालेल्या विधवेला परवडेलच असे नाही. सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. रिट याचिका करायची तर वकील, कागद, मुंबई-नागपूर-औरंगाबादच्या फेऱ्या. मथुरेच्या एका वकिलाकडून १९९९ मध्ये रेल्वेच्या खिडकीवर सत्तर रुपयांच्या तिकिटांना नव्वद घेतले गेले. जास्तीच्या वीस रुपयांसाठी ते ग्राहक न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जिंकले. वीस रुपये बारा टक्के व्याजाने आणि वर पंधरा हजार रुपये. बावीस वर्षे. ते स्वतः वकील होते म्हणून टिकले. आपण त्यांची चिकाटी वाखाणतो, वाखाणावीच. पण ज्या देशात वीस रुपये परत मिळवायला वकील असावे लागते, तिथे बाकीच्यांनी काय करायचे याचे उत्तर कौतुकात सापडत नाही.

आणि जिंकल्यावरही पैसे परत मिळतीलच असे नाही. पंजाबच्या व्यापाऱ्यांनी तो तिसरा रुपया रद्द करून घेतला, पण पुढे विधिमंडळाने दुरुस्ती करून जमा झालेली जादा रक्कम समित्यांकडेच राहील असे ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. कारण असे की, व्यापाऱ्यांनी तो रुपया पुढच्या गिऱ्हाइकाकडून आधीच वसूल केला होता. त्यांना परत दिला तर तो त्यांचा फुकटचा फायदा. मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हाच विचार सर्व अप्रत्यक्ष करांना लावला: कराचा बोजा आपण पुढे ढकलला नव्हता हे दाखवणाऱ्यालाच परतावा. व्यापाऱ्यापुरता हा न्याय मला पटतो. पण त्यातून उरलेला पैसा ज्याने खरोखर भरला त्या शेवटच्या माणसापर्यंत जात नाही, तो बेकायदा वसुली करणाऱ्याकडेच राहतो. चुकीची वसुली करून ती पचवता येते, हे एकदा कळले की पुढची चूक करताना हात कशाला थरथरेल?

इथे मी माझे मत स्पष्ट मांडतो. एखादी फी, टोल किंवा दंड न्यायालयाने बेकायदा ठरवला, तर तो भरलेल्या प्रत्येकाला सरकारने स्वतःहून परत करावा. फक्त याचिका करणाऱ्याला नव्हे. ‘युनिसन’च्या निकालानंतर ब्रिटिश सरकारने २०१३ पासून फी भरलेल्या सगळ्यांसाठी परताव्याची योजना काढली, ज्यांनी लढ्यात भाग घेतला नव्हता तेही तिथे अर्ज करू शकले. आपल्याकडे पूर्वी सबब असायची की कोणी किती भरले याची नोंद कुठे शोधायची. आता ती सबब उरलेली नाही. टोल फास्टॅगमधून जातो, चलान मोबाइल क्रमांकावर येते, घरपट्टी ऑनलाइन भरली जाते. पैसा ज्या वाटेने आला ती वाट सरकारच्या संगणकात दिवस, वार आणि मिनिटासह लिहिलेली आहे. त्याच वाटेने तो परत पाठवायला यंत्रणा हवी आहे ती फक्त इच्छेची, आणि इच्छा नसेल तर कायद्याच्या एका कलमाची.

दंडाच्या प्रमाणाविषयीचे प्रकरण या पुस्तकात तुलनेने लहान आहे, कारण आपल्याकडे त्या बाजूने कायदा कमी वाढला आहे. जिथे दंडाची कमाल रक्कम दिलेली नाही तिथे तो अमर्याद असू शकतो, पण अवाजवी असता कामा नये, हे भारतीय दंड संहितेच्या कलम ६३ मध्ये होते आणि नव्या न्याय संहितेतही आले आहे. गुन्हा घडला त्या दिवशी लागू असलेल्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही, हे घटनेच्या कलम २० मध्ये आहे. म्हणजे काल वाढलेला दंड परवाच्या चुकीला लावता येणार नाही. रोजंदारीवरच्या माणसाचा हजार आणि कारखानदाराचा हजार यांत फरक करणारे तत्त्व मात्र आपल्या दंडव्यवस्थेत अजून रुजलेले नाही. फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड माणसाच्या दिवसाच्या कमाईवर मोजतात. आपल्याकडे हा प्रश्न कुणीतरी नेटाने कोर्टापुढे किंवा विधिमंडळापुढे न्यायला हवा.

वाचकाला एक सुचवतो. ही प्रकरणे वाचताना निकालाच्या शेवटच्या ओळीकडे धावू नका. प्रत्येक खटल्यात मधे कुठेतरी एक कागद येतो: जमा-खर्चाचा तक्ता, करारनामा, नियमांची प्रत. लढत तिथे ठरते आणि तो कागद बहुतेक वेळा खटल्याआधीच मागवता येतो. आपल्या गावातली एखादी फी खटकत असेल, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून ती बसवणारा ठराव किंवा अधिसूचना, ज्या कलमाखाली ती काढली त्याचा उल्लेख, आणि गेल्या काही वर्षांत त्या फीतून जमा किती, खर्च किती, कशावर, हे मागवा. भरलेल्या पैशांची पावती जपा, आणि हरकत असतानाही भरावेच लागले तर भरतानाच आपली हरकत लेखी नोंदवा व त्या पत्राची पोच घ्या. अशा अर्जांचे आणि पत्रांचे नमुने शेवटच्या प्रकरणात दिले आहेत. ते मराठीतच आहेत आणि मराठीतूनच पाठवायचे आहेत.